झाकणावरची दहा मिनिटं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी जुनी यंत्रं मोडण्याच्या आवारात एका बिनवायरच्या व्हॅक्यूम क्लीनरची बॅटरी फुटली. टेबलावर काम करणाऱ्या बाईचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. आग सहा मिनिटांत विझली. एक टेबल, दोन खुर्च्या आणि पत्र्याखालची एक ट्यूबलाइट जळाली.

आवाराच्या मुकादमाने कारखान्याला फोन करून हे याच क्रमाने सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुमच्या कागदावर सही कुणाची आहे?"

सही ग्रॅमताईची होती.

कारखान्यात तिला सगळे ग्रॅमताई म्हणत, कारण कुणी नवा भाग समोर ठेवला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती ग्रॅम?" ती अभियंता होती आणि तिचं काम होतं वस्तूचा जन्मापासून शेवटापर्यंतचा भार मोजणं. धातू खाणीतून निघताना पृथ्वीवर किती भार पडतो, कारखान्यात किती, वाहतुकीत किती, घराघरांत वीज खाताना किती आणि शेवटी मोडीत निघताना किती. पाच रकान्यांचा हा तक्ता कामगारांच्या तोंडी 'कुंडली' झाला होता. "ताई, आमच्या मशीनच्या पाचव्या घरात काय दिसतंय?" असं कँटीनमध्ये कुणी विचारलं की ती गंभीर चेहऱ्याने म्हणे, "दीर्घायुष्य आहे, पण शत्रुपीडा."

सात नंबरचं मशीन, म्हणजे तोच बिनवायरचा व्हॅक्यूम क्लीनर, ही तिची सगळ्यात चांगली कुंडली. सहा नंबरमध्ये बॅटरी एका डबीत असे आणि डबीला झाकण आणि चार स्क्रू. सात नंबरमध्ये डबी गेली, झाकण गेलं, स्क्रू गेले. बॅटरी थेट मशीनच्या अंगाला चिकटवली. एका मशीनमागे बासष्ट ग्रॅम वाचले. वर्षाला सव्वा लाख मशीनं, म्हणजे पावणेआठ टन माल, जो खणायचा नाही, वितळवायचा नाही, वाहून न्यायचा नाही. अडचण होती ती पाचव्या रकान्याची. खोक्यावर पर्यावरणपूरकतेचं हिरवं चिन्ह छापायचं असेल तर हातातल्या साध्या हत्याराने तीन मिनिटांच्या आत बॅटरी सुटी व्हायला हवी, अशी अट होती. चाचणी झाली. पाच मशीनांची सरासरी निघाली एक मिनिट पन्नास सेकंद. हत्यार, पातळ पातं. खाली दोन सह्या, चाचणी घेणाऱ्याची आणि चाचणी करणाऱ्याची.

चाचणी करणारे उस्ताद. खोलणीच्या खोलीत एकतीस वर्षं बसलेले कारागीर. त्यांनी उघडलं नाही असं एकही यंत्र कारखान्यात नव्हतं. फाटकाच्या आत ती त्यांना उस्ताद म्हणे आणि फाटकाबाहेर पडली की बाबा. बाप मशीन खोलणार आणि मुलगी घड्याळ धरणार, याला कुणी हरकत घेतली नव्हती. त्यांच्याइतका सफाईने खोलणारा दुसरा माणूसच नव्हता.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी विकलेली मशीनं आता थकून आवारात यायला लागली होती.

*

बारा वाजता साहेबांनी तिला बोलावलं. साहेब म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी आधी भाजलेल्या बाईची चौकशी केली, आणि ती वरवरची नव्हती. मग म्हणाले, "कागदावर पातळ पातं लिहिलंय. त्यांनी पटाशी घातली असणार. तिकडे सगळं पटाशीने आणि हातोडीने चालतं. जाऊन बघ, फोटो घे. त्यांची चूक असेल तर तशी नोंद करू आणि आपल्या खर्चाने त्यांना शिकवू."

"आणि नसेल तर?"

"अगं, एक मिनिट पन्नास सेकंद. तूच मोजलेत ना?"

अडीच वाजता ती आवारात पोचली. उंच पत्र्याची शेड, तिन्ही बाजूंनी उघडी, थंडीचा वारा आरपार. लांब टेबलांवर बायका उभ्याने काम करत होत्या. जळकं टेबल बाहेर काढून भिंतीला लावलं होतं. मुकादमाने तिच्या हातातला कॅमेरा पाहिला.

"या. फोटो काढायला आलात की माणूस बघायला? माणूस दवाखान्यात आहे. आमची वहिनी. थोरल्या भावाची बायको."

"कशी आहे आता?"

"बोलतेय. शिव्या देतेय. म्हणजे बरी असणार." तो हसला नाही. "तुमचा कागद म्हणतो दोन मिनिटं सुद्धा लागत नाहीत. वहिनी वीस मिनिटं झटत होती. तिला वाटलं आपलाच हात चालत नाही."

ग्रॅमताईने विचारलं, "पटाशी लावली होती का?"

टेबलावरची एक बाई मान न वळवता म्हणाली, "आली बघा. पटाशी शोधायला आली."

मुकादमाने कपाटातून पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यासमोर उलटा केला. सात-आठ मोडकी पाती टेबलावर पडली. पातळ, लवचीक, कागदावरच्या चित्रात होती तशीच. "तुमच्या चित्राप्रमाणे आणली. एका मशीनला एक मोडतं. शेवटचं मोडलं तेव्हा वहिनीने पटाशी घेतली. हो, घेतली. लिहून घ्या." मग ढिगातलं एक सात नंबर त्याने तिच्यापुढे ठेवलं आणि खिशातून एक नवं पातं काढलं. "काढून दाखवा. आम्ही शिकतो."

तिने कॅमेरा बाजूला ठेवला, हातमोजे घातले आणि घड्याळ लावलं. पातं बॅटरी आणि मशीनचं अंग यांच्या फटीत घातलं. नखभर आत गेलं आणि थांबलं. तिने कोन बदलला. चाचणीच्या वेळी उस्तादांचं मनगट कसं वळत होतं ते तिला आठवत होतं, साबणाच्या वडीतून दोरा ओढावा तसं. इथे गोंद दगड होऊन बसला होता. एक मिनिट पन्नास सेकंद झाले. तीन मिनिटं झाली. बायकांनी हातातली कामं थांबवली होती. नवव्या मिनिटाला पातं मोडलं आणि टोक आतच राहिलं.

"राहू द्या," मुकादम जरा मऊ आवाजात म्हणाला. "आता त्याला हात लावू नका."

मशीन बाजूला ठेवावं म्हणून तिने मोजे काढून ते दोन्ही हातांनी उचललं. प्लास्टिक गार होतं, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भांड्यासारखं. खोलणीच्या खोलीत तिने कधीच गार मशीन उचललं नव्हतं.

खोलणीच्या खोलीत दाराशी सुकवणीचा ओव्हन होता. रंगवलेले भाग त्यात सुकत. त्याचं झाकण कायम कोमट असे आणि उस्ताद कुठलंही यंत्र खोलण्याआधी दहा मिनिटं त्या झाकणावर ठेवत. एकतीस वर्षं ठेवत आले होते. "रबर काय, गोंद काय, गारठले की ऐकत नाहीत. माणसासारखंच," असं ते म्हणत. शाळेतून आल्यावर त्यांचा डबा न्यायला ती त्या खोलीत जाई तेव्हाही झाकणावर काही ना काही असेच. चाचणीच्या दिवशी पाचही मशीनं झाकणावर रांगेत होती. उस्ताद एक उचलून टेबलावर ठेवत आणि ती घड्याळ दाबे. त्याआधीची दहा मिनिटं तिने मोजली नव्हती, लिहिली नव्हती, पाहिलीसुद्धा नव्हती. ओव्हन तिच्या दृष्टीने भिंतीसारखा होता. भिंत कुणी कागदावर लिहीत नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी आवाराबाहेरच्या रस्त्यावरून तिने साहेबांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "म्हणजे गोंद वाईट नाही. गरम केलं तर निघतं ना?"

"निघतं," ती म्हणाली.

"बरं झालं कळलं. मी बघतो. तू घरी जा आता, आवाज बसलाय तुझा."

*

साडेसहाला ती घरी पोचली तेव्हा उस्ताद स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी काढून तेल देत बसले होते. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि घरातल्या प्रत्येक दाराची त्यांनी आतापासूनच पाळी लावली होती.

"आमच्या घरात कुरकुरायचा हक्क मला आणि दारांना होता," आई म्हणाली, "दारांचा गेला, आता माझी पाळी."

ग्रॅमताईने बसायच्या आधीच विचारलं, "बाबा, सात नंबरच्या चाचणीला मशीनं झाकणावर होती ना?"

"होती. मग?"

"मी ते लिहिलं नाही."

"त्यात लिहायचं काय? गार मशीन उघडणारा कारागीर म्हणजे गाढव." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "काय झालं?"

तिने सांगितलं. डब्यातल्या पात्यांपर्यंत येईपर्यंत ते ऐकत होते. नंतर त्यांनी मध्येच विचारलं, "म्हणजे मी फसवलं असं लिहिणार तू?"

"तुम्ही नाही. चाचणी चुकली."

"चाचणी म्हणजे कोण? चाचणीला हात होते का? हात माझे होते." ते उठले आणि उगाचच दार उघडून मिटून पाहू लागले. "एकतीस वर्षांत माझ्या खोलीतून एक खोटा कागद गेला नाही. आता जाता जाता हे. अगं, तू आठ महिन्यांची होतीस तेव्हापासून तुला ते झाकण माहीत आहे. पहिल्यांदा बसली होतीस ती त्या झाकणाच्या उबेला. विसरलीस?"

"विसरले नाही. म्हणूनच दिसलं नाही."

आई म्हणाली, "अहो, त्या बाईचा हात कसा आहे ते तरी विचारा."

उस्तादांनी विचारलं नाही. ते आत गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "झाकण किती गरम असतं, कुणी मोजलंय का कधी?"

"नाही."

"उद्या आठला ये. थर्मामीटर आण."

*

बुधवारी सकाळी आठ वाजता झाकणाचं तापमान चव्वेचाळीस अंश भरलं. उस्तादांनी आकडा स्वतः वहीत लिहिला. मग आदल्या संध्याकाळी वॉचमनला सांगून रात्रभर गच्चीवर ठेवलेली पाच मशीनं आणली. खोलीत वाळूच्या दोन बादल्या आणून ठेवल्या, खिडक्या उघडल्या आणि मदतनिसाला बाहेर जायला सांगितलं.

"तूही बाहेर," ते म्हणाले.

"घड्याळ मी धरणार."

"तुझ्या आईला तोंड मला दाखवायचंय." पण त्यांनी दुसरा संरक्षक चष्मा तिच्याकडे सरकवला.

पहिल्या मशीनला अकरा मिनिटं वीस सेकंद लागले. त्यांच्या मनगटाची ती लय या वेळी दिसली नाही. खांद्यापासून जोर लावावा लागत होता. दुसऱ्याला पातं मोडलं. तिसऱ्या मशीनवर सातव्या मिनिटाला त्यांनी अचानक हात थांबवले. बॅटरीच्या पत्र्याला पोचा पडला होता. त्यांनी मशीन दोन्ही हातांनी, भरलेली थाळी न्यावी तसं, सावकाश उचललं, वाळूत पुरलं आणि बादली बाहेर उघड्यावर नेऊन ठेवली. परत आले तेव्हा कपाळावर घाम होता.

"अजून दोन आहेत," ती म्हणाली.

"नाही. मला भीती वाटली असं लिही." ते स्टुलावर बसले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तेही आकड्यासारखं लिही. माझी सही घे."

तिने तसंच लिहिलं. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि मग विचारलं, "ती बाई उजव्या हाताची आहे की डावखुरी?"

तिला माहीत नव्हतं.

अकरा वाजता नवा कागद घेऊन ती साहेबांकडे गेली. जुनी चाचणी रद्द, पाचवा रकाना रद्द, चिन्ह परत घ्यावं, असा मजकूर होता. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हे पाठव. मी अडवणार नाही. पण चिन्हाच्या कार्यालयाला तीन आठवडे लागतील, आणि तोपर्यंत मशीनं आवारात जातच राहणार. म्हणून मी कालच तातडीने एक ओळ पाठवली. नऊच्या नऊ आवारांना, साडेपाच वाजता." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

ओळ अशी होती: 'सात नंबरचं यंत्र उघडण्यापूर्वी दहा मिनिटं गरम करावं, म्हणजे बॅटरी सहज निघते.'

"कशावर गरम करायचं?" तिने विचारलं.

"अं?"

"साहेब, त्यांच्याकडे ओव्हनचं झाकण नाहीये. किती अंश, ते लिहिलेलं नाही. ते शेगडीवर ठेवतील. ही बॅटरी आहे. चव्वेचाळीसला गोंद सुटतो, पण शेगडीवर ती..." तिने वाक्य सोडलं.

साहेबांचा चेहरा उतरला. "मी तुला विचारलं होतं. गरम केलं तर निघतं का. तू म्हणालीस, निघतं."

"म्हणाले."

 मग साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि ओळ मागे घेतल्याचा दुसरा मजकूर लिहायला घेतला. ती फोनकडे वळली.

बाराच्या आत तिचं पाच आवारांशी बोलणं झालं. तिघांनी ओळ वाचलीच नव्हती. एकाने वाचली होती आणि 'असल्या भानगडी आम्ही करत नाही' म्हणून सोडून दिली होती. पाचव्याने मशीन उन्हात ठेवलं होतं, तेवढ्यानं काही होणार नव्हतं. चिन्ह परत घेण्याचं पत्र एक वाजता गेलं. चारपर्यंत आणखी तीन आवारं मिळाली. प्रत्येकाला तिने तेच सांगितलं: गरम करू नका, उघडू नका, एकावर एक रचू नका, आम्ही उचलून नेतो.

नववं आवार मिळालं नाही. जळक्या टेबलाजवळची वायर बदलायची म्हणून ते बुधवारी बंद होतं, त्यामुळे ओळ मागे घेतल्याचा मजकूरही तिथे कुणी वाचला नसणार. मुकादमाचा फोनही बंद होता. दवाखान्यात वॉर्डात फोन चालू ठेवू देत नाहीत, असं तिथल्या नर्सने सांगितलं आणि निरोप लिहून घेतला. निरोप त्याला मिळाला का, हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही. सहा वाजता ग्रॅमताई स्वतः आवारापर्यंत जाऊन आली. फाटकाला कुलूप होतं. तिने कागदावर मोठ्या अक्षरांत 'सात नंबर गरम करू नका' असं लिहून कागद फाटकाच्या फटीतून आत सरकवला. तो आतल्या बाजूला कुठे पडला ते तिला दिसलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेआठपासून ती आवाराचा फोन लावत होती. नऊ वाजून पाच मिनिटांनी तो उचलला गेला. माल तोलायच्या काट्यावर बसणारी बाई होती.

"मुकादम आहेत का?"

"नाहीत, वहिनीचं ड्रेसिंग आहे. दहानंतर येतील. आपण कोण?"

"सात नंबरची मशीनं..."

"हां हां, ताई तुम्ही! आली तुमची ओळ. मुकादमांनी परवा संध्याकाळीच सगळ्यांना वाचून दाखवली. म्हणाले, बघा, शेवटी खरं बोलले कारखानेवाले. सकाळीच लावलीत गरम करायला."

"कशावर?"

"पत्र्यावर. खाली शेगडी आहे. बारीक ठेवलीय हो, आम्हाला काय कळत नाही का?"

"किती मशीनं आहेत?"

"अकरा. का हो?"

"ऐका. शेगडी बंद करा. मशीनला हात लावू नका. सगळ्या बायकांना बाहेर काढा, लांब, फाटकाबाहेर. आत्ता."

"अहो पण तुम्हीच तर..."

"मीच सांगतेय. चुकलं आमचं. बाहेर काढा."

"थांबा हं. हाक मारते." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दूर जाणारी पावलं ऐकू आली, कुणाला तरी मारलेली हाक आली, पण शब्द कळले नाहीत. मग फोन तुटला. नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती.

नऊ वाजून अकरा मिनिटांनी तिने अग्निशमन दलाला कळवलं. गाडी पाठवतो, असं त्यांनी सांगितलं. नऊ वाजून चौदा मिनिटांनी ती आणि उस्ताद कारखान्याच्या गाडीतून निघाले. उस्तादांनी वाळूच्या दोन्ही बादल्या मागे ठेवल्या होत्या आणि वळण आलं की ते हात मागे टाकून त्या धरत. वाटेत तिने आवाराला सात वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी घंटी पूर्ण वाजली.

"उचलत नाहीत म्हणजे बाहेर गेल्या असतील," उस्ताद म्हणाले.

तिने पुन्हा नंबर दाबला.

नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी चिन्ह देणाऱ्या कार्यालयाची पोच तिच्या फोनवर आली. पत्र मिळालं आहे, क्रमाने विचार होईल, निर्णयापर्यंत चिन्ह कायम राहील. नऊ पन्नासला तिने अग्निशमन दलाला पुन्हा विचारलं. गाडी निघाली आहे एवढी नोंद त्यांच्याकडे होती. पोचल्याची नोंद अजून झालेली नव्हती.